परदेशी गरवायला निघालात, आणि रॉड विमानतळावरच अडला

मालदीवला जीटीच्या (जायंट ट्रेव्हली या मोठ्या माशाच्या) मागे जाणारे, ओमानच्या खडकांवर उभं राहून पॉपर (पाण्यावर उडणारं बनावट आमिष) फेकणारे, न्यूझीलंडच्या नद्यांत ट्राउट शोधणारे, शिवाय अमेरिकेत किंवा आखातात राहून सुट्टीत तिसऱ्याच देशात गळ टाकायला जाणारे आपले लोक. या सगळ्यांची तक्रार सारखीच असते. "मागच्या वेळी रॉडच्या याच नळीला कोणी काही बोललं नाही, या वेळी पैसे मागितले." किंवा "जाताना हुक चालले, येताना काढून घेतले." दर वेळी नवं काहीतरी निघतं, त्यामुळे नियमांना काही धरबंधच नाही असं वाटायला लागतं.

नियम फार बदलत नाहीत. अडवणारं खातं बदलतं. तुमच्या सामानाकडे प्रवासात तीन वेगळी खाती बघतात: विमान कंपनी, सुरक्षा तपासणी आणि उतराल त्या देशाचं कस्टम्स-क्वारंटाइन. कंपनीला लांबी, वजन आणि पैसे कळतात. सुरक्षावाल्याला टोक, धार आणि बॅटरी दिसते. क्वारंटाइनवाला तुमच्या बुटाच्या तळाला चिकटलेला चिखल बघतो. एकाने "चालेल" म्हटलेलं दुसऱ्याला लागू होत नाही. कॉल सेंटरवरची मुलगी "हो सर, फिशिंग रॉड अलाउड आहे" म्हणते तेव्हा ती एवढंच सांगत असते की कंपनी तो विमानाच्या पोटात भरेल. तो हातात घेऊन सुरक्षा तपासणी ओलांडता येईल की नाही, हे ठरवणं तिच्या हातात नाही.

म्हणून घरी परतल्यावर चिडून पुढच्या वेळी "नियम नीट वाचायचे" असं ठरवण्याआधी एक गोष्ट आठवा: नेमकं कोणी अडवलं? उपाय त्यावर ठरतो.

काउंटरवर अडला असेल तर

दहापैकी बहुतेक वेळा भानगड लांबीची असते, आणि आपण मात्र घरी वजनकाटा घेऊन बसलेलो असतो.

बहुतेक आंतरराष्ट्रीय कंपन्या चेक-इन नगाची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटरपर्यंत धरतात, म्हणजे ६२ इंच. काही कंपन्या थोडं कमी धरतात, काही जास्त. वजन इकॉनॉमीत सहसा नगाला २३ किलो. ३२ किलोच्या वरचा एकच नग बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, कारण तो उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्रश्न असतो. तिथे पैसे भरायची तयारी दाखवूनही उपयोग होत नाही.

आता हिशेब करा. साध्या पीव्हीसी पाइपची चार इंची नळी बाहेरून ११ सेंटीमीटर जाड असते, झाकणापाशी १२ धरा. १५८ मधून दोनदा १२ वजा केले की १३४ उरतात. एवढीच तुमची लांबी. झाकणासकट.

सात फुटी दोन तुकड्यांचा रॉड: एक तुकडा ११० सेंटीमीटरच्या आसपास, नळी ११५ ते १२०. बसला. आठ फुटी, मधोमध जोड असलेला: तुकडा १२६च्या आसपास, नळी १३० ते १३२. जेमतेम बसला. पण जीटीसाठी लोक ज्याच्यावर जीव टाकतात तो आठ फुटी पॉपिंग रॉड बहुतेकदा असा असतो की फक्त मूठ वेगळी निघते आणि वरचा अखंड भाग १६५ ते १८० सेंटीमीटर उरतो. त्याची नळी १८५, अधिक २४, म्हणजे २०९. इथे कुठल्याही काउंटरवरचा माणूस तुम्हाला नियमाने पैसे लावू शकतो. मागच्या वेळी लावले नाहीत ते त्याने टेप काढली नाही म्हणून. आपल्या लोकांनी यालाच "नियम" समजून पुढची ट्रिप आखलेली असते.

यावर तीन मार्ग आहेत, आणि त्यांची योग्यता सारखी नाही.

पहिला, कंपनीच्या क्रीडा साहित्याच्या तरतुदीत बसणं. बऱ्याच कंपन्यांचं गोल्फ, सर्फबोर्ड, सायकल यांच्यासोबत मासेमारीच्या साहित्यासाठी वेगळं कलम असतं. कोणी मोफत नगात धरून फक्त जास्त लांबीची सूट देतं, कोणी ठरावीक रक्कम घेतं. "मासेमारीचं साहित्य" म्हणजे काय याची व्याख्याही प्रत्येकाची वेगळी: कुठे दोन रॉड, एक रील, एक जाळी आणि एक डबा असा संच मानतात, कुठे नळीत फक्त रॉडच हवेत. नळीच्या मोकळ्या जागेत टॉवेल, टी-शर्ट आणि दोन किलो जिग (धातूची जड बनावट आमिषं) कोंबलेले असतील तर ते क्रीडा साहित्य राहत नाही, साधं जादा सामान होतं. ही सूट बुकिंगवर आधी नोंदवावी लागते. कंपनीला फोन करून "एसपीईक्यू टाका" असं सांगा. क्रीडा साहित्यासाठी विमान कंपन्यांच्या आरक्षण व्यवस्थेत हाच कोड वापरतात. नुसती विनंती नोंदवली जाणं पुरेसं नाही, ती कन्फर्म व्हायला हवी. नळीची मापं आणि वजन त्या नोंदीत लिहून घ्या, त्याचा ईमेल मागा आणि तो छापून न्या. काउंटरवर मागे रांग असताना मोबाइलमध्ये मेल शोधणाऱ्या माणसाला कोणी दाद देत नाही, हातातला कागद मात्र सुपरवायझरकडे जातो.

दुसरा, मार्ग नीट निवडणं. आखाताच्या मार्गांवर अनेक कंपन्या एकूण वजन मोजतात. ३० किलो तुम्ही दोन नगांत न्या की तीन, आणि एका नगाच्या मापालाही तिथे काही वेळा ढील असते. अमेरिका-कॅनडाच्या मार्गांवर नग मोजतात, तिथे नळी म्हणजे एक अख्खा नग गेला. कपड्यांची बॅग हा दुसरा, मग आईने दिलेल्या मसाल्याच्या आणि लाडवांच्या पिशवीला पैसे पडतात.

तिसरा मार्ग मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो: रॉडच बदला. तीन किंवा चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड. चार तुकड्यांच्या सात फुटी रॉडचा तुकडा ६० सेंटीमीटरच्या आत-बाहेर असतो, नऊ फुटी फ्लाय रॉडचा (पिसांची बनावट माशी फेकायच्या रॉडचा) ७०च्या आसपास. मोठ्या सूटकेसच्या कर्णात हे सरळ मावतात. नळी नाही, ओव्हरसाइज नाही, वाद नाही. जोड जास्त म्हणून रॉड कमजोर, हे मत आपल्याकडे अजून घट्ट आहे. जुन्या पितळी जोडांच्या बाबतीत ते खरं होतं. आताच्या चांगल्या रॉडमध्ये जोडाची भिंत सहसा जाड केलेली असते. तुटतात ते जोड ढिले झालेले न बघता फेकत राहिल्यामुळे. पॉपर फेकताना प्रत्येक फेकीला थोडा पीळ बसतो, म्हणून थोड्या थोड्या फेकींनंतर हाताने जोड दाबून बघायचे, किंवा जोडावर मास्किंग टेपचा एक वेढा द्यायचा. टेलिस्कोपिक रॉड मात्र मी या यादीत धरत नाही. खाडीत तांबोशीला ठीक, मोठ्या माशाला नाही.

अखंड रॉडशिवाय मजाच येत नाही म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण मग ओव्हरसाइजचे पैसे ट्रिपच्या खर्चात आधीच धरावेत आणि दर वेळी काउंटरवर अन्याय झाल्यासारखा चेहरा करू नये.

एकाच तिकिटावर दोन कंपन्या

मुंबईहून निघताना नळी बिनबोभाट घेतली आणि परतीला पैसे लावले, यामागे बऱ्याचदा कोडशेअर असतं. तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं. एकाच तिकिटावर अनेक कंपन्या असतील तर सामानाचा नियम त्यांतल्या कोणाचा लावायचा यासाठी आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या तिकिटांवर तर प्रवासाच्या सुरुवातीला लागू झालेला सामानाचा नियम शेवटपर्यंत तसाच ठेवावा असं तिथल्या परिवहन खात्याचं बंधन आहे. पण हे साध्या बॅगेला सुरळीत लागू होतं. क्रीडा साहित्याला शेवटच्या टप्प्यावरची कंपनी "आमच्या छोट्या विमानात हे मावत नाही" म्हणू शकते, आणि ते खरंही असतं. म्हणून तिकिटावर "ऑपरेटेड बाय" पुढे ज्यांचं नाव आहे त्यांच्याकडे विचारा.

दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर ही सगळी चर्चाच संपली. प्रत्येक तिकिटाचा नियम वेगळा, पैसे वेगळे.

मालदीवचं उदाहरण घ्या. माले विमानतळापर्यंत तुमचं ३० किलो सामान रीतसर पोचतं. पुढे रिसॉर्टला सीप्लेन असेल तर तिथे सहसा २० किलो आणि हातात ५ किलो एवढंच धरतात, वरचं किलोमागे पैसे देऊन किंवा मागाहूनच्या फेरीने. दोनशे ग्रॅमचे वीस जिग म्हणजे चार किलो. मोठ्या स्पिनिंग रीलचं वजन पाऊण ते एक किलो, अशी दोन. सीप्लेनच्या वीस किलोंतले सहा तिथेच गेले, अजून बूट-कपडे बाकी. स्पीडबोटीने पोचता येईल असं बेट किंवा मालेहूनच निघणारी सफारी बोट निवडली तर हा प्रश्न उद्भवतच नाही. रिसॉर्टला मेल करताना "मासेमारी आहे का" यापेक्षा "दोन मीटरची नळी कशी येईल" हे आधी विचारा.

सुरक्षा तपासणीत अडलं असेल तर

इथे लोक अमेरिकेचा नियम वाचून भारतात भांडतात. अमेरिकेच्या टीएसएच्या (तिथल्या विमानतळ सुरक्षा खात्याच्या) यादीप्रमाणे रॉड केबिनमध्ये चालतो, महाग रील आणि छोट्या फ्लाय हातात नेता येतात, मोठे हुक मात्र गुंडाळून चेक-इनमध्ये. त्याच यादीत शेवटी हेही लिहिलेलं आहे की अंतिम निर्णय तपासणीवर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा. ब्रिटनची यादीही रॉडला हातातल्या सामानात परवानगी देते. पण तुमचा प्रवास मुंबईहून सुरू होतो, मधे दोहा किंवा सिंगापूरला पुन्हा तपासणी होते, आणि परत येताना तिसऱ्याच गावाची तपासणी. साखळीतल्या सगळ्यांत कडक माणसाला जे चालेल तेच हातात ठेवायचं.

माझ्या मते हाताच्या सामानात मुख्यतः रील ठेवावं. ते महाग असतं, नाजूक असतं, आणि परदेशात त्याच मापाचं दुसरं मिळेलच असं नाही. त्यावर भरलेल्या ब्रेडेड लाइनवर (विणलेल्या दोरीवर) काही ठिकाणी आक्षेप घेतात, कारण मजबूत दोरी हेही त्यांच्या दृष्टीने हत्यार होऊ शकतं. हे टाळायचं असेल तर लाइन भरलेला स्पूल (रीळ) काढून चेक-इनमध्ये ठेवा आणि रीलचा सांगाडा हातात. इकॉनॉमीत आपल्याकडे केबिन बॅग साधारण सात किलोची धरतात हे विसरू नका. दोन मोठी रीलं आणि कॅमेरा यांनीच निम्मी भरते.

ल्युअरबाबत (बनावट आमिषाबाबत) एक युक्ती खूप उपयोगाची आहे: सगळे ट्रेबल (तीन टोकांचे) हुक काढून ठेवा. हुक नसलेला लाकडी पॉपर म्हणजे रंगवलेला लाकडाचा तुकडा. बॅग हरवली तरी निदान तो जवळ राहतो. हुक आणि स्प्लिट रिंग (हुक अडकवायच्या छोट्या कड्या) वेगळ्या डबीत, चेक-इनमध्ये. बोटीवर पोचल्यावर स्प्लिट रिंगच्या पकडीने पुन्हा बसवायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात नवे, धारदार हुकही लागतात, जे एरवी आपण आळसाने बदलत नाही. हुक न काढता ल्युअर चेक-इनमध्ये टाकलेच, तर बॅग उघडून तपासणाऱ्या माणसाच्या बोटात गरी घुसू शकते. त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा, मग तो बॅग कशी परत भरेल हेही कळेल.

पकड, सुरी, गॅफ (मासा वर ओढायचा आकडा), कात्री: चेक-इन. यात चर्चा नाही. "सात इंचांपेक्षा लहान पकड चालते" हा पुन्हा अमेरिकेचा नियम.

चेक-इनची बॅगही दर वेळी उघडली जाते, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याचं कारण शिसं. शिशातून आणि टंगस्टनमधून क्ष-किरण पार होत नाहीत, त्यामुळे पडद्यावर काळाकुट्ट ठोकळा दिसतो. त्याच्याभोवती तारेचे लीडर (हुकाजवळ बांधायचे तुकडे), शेजारी बॅटरी, वर धातूचं रील: हे चित्र बघून कोणताही तपासनीस बॅग बाजूला काढेल. उपाय सोपा आहे. शिशाची वजनं न्यायचीच नाहीत, तिथे घ्यायची. जिग न्यावेच लागले तर ते एका थरात, पारदर्शक डब्यात, बॅगेच्या सगळ्यांत वर. बॅटरीच्या वस्तू दुसरीकडे. बॅगेला असं कुलूप लावा जे त्यांना उघडता येईल, नाहीतर भारतात तुम्हाला बोर्डिंगच्या आधी बोलावून उघडायला लावतील आणि अमेरिकेत कुलूप तोडून आत तपासणीची चिठ्ठी ठेवतील.

बॅटरी

हा भाग वेगळा काढतो, कारण इथे ढिलाई कुठेच नाही. इलेक्ट्रिक रील वापरणाऱ्यांसाठी खास.

सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमध्ये कधीच नाही, कायम हातात. १०० वॉट-अवरपर्यंत सरळ चालते. १०० ते १६० मधल्या कंपनीच्या परवानगीने, जास्तीत जास्त दोन सुट्या. १६०च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. वॉट-अवर काढायला व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा. १४.८ व्होल्टची ६.७ अँपिअर-अवरची बॅटरी ९९ वॉट-अवर, म्हणजे निवांत. तीच १० अँपिअर-अवरची घेतली तर १४८, म्हणजे आधी परवानगी. कयाकच्या ट्रोलिंग मोटरची १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी १२०० वॉट-अवर होते. तिचा विचारही नको. मोटर न्या, बॅटरी तिथे भाड्याने घ्या.

खाऱ्या पाण्याने लेबल पुसलेलं असेल तर बॅटरी कितीही छोटी असो, अडवतात, कारण आकडा वाचताच येत नाही. टोकांवर टेप लावा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत.

आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांसाठीही कंपनीची परवानगी लागते: जॅकेटमध्ये बसवलेली दोन आणि सुटी दोन, एवढीच मर्यादा. रीलवर मारायचा गंजरोधक स्प्रे ज्वलनशील असतो, तो हातातही नाही आणि पोटातही नाही. तेलाची इवलीशी बाटली पुरते.

नळी पोचली, पण रॉड मोडलेला

बाहेरून नळीला ओरखडाही नाही आणि आत टोक तुटलेलं, हा प्रकार नेहमीचा. लोक हमालांना शिव्या देतात. खरं तर नळी उभी आदळली की आतले रॉड सरकून झाकणावर आपटतात, आणि सगळ्यांत पुढे असतं ते टोक. बंद कप्प्यातल्या मोकळ्या नारळासारखी ती गत असते. बाहेरची नळी जाड करून काही फरक पडत नाही, आतली हालचाल थांबवायला हवी.

रॉडचे सगळे तुकडे आलटून पालटून उलटसुलट ठेवा, म्हणजे टोकाशेजारी दुसऱ्याची मूठ येईल. वेल्क्रोच्या पट्ट्यांनी एकत्र बांधा. आता त्यांच्यासोबत एक साधी लाकडी काठी बांधा, सगळ्यांत लांब तुकड्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर लांब. धक्का ती काठी खाते, रॉड नाही. दोन्ही टोकांना फोम किंवा घडी केलेला टॉवेल ठासून, नळी हलवल्यावर आत आवाज येता कामा नये. गाइडच्या कड्यांत फोमचे तुकडे.

झाकण असं हवं की ते अवजाराशिवाय उघडेल आणि बंद होईल. स्क्रू मारलेलं किंवा चिकटवलेलं झाकण तपासणीत कापलं जातं. आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत "फिशिंग रॉड" आणि कसं परत भरायचं त्याचा एक फोटो चिकटवा. बाहेरही हेच लिहा. लांब बंद नळीत काय असेल याचे तर्क लढवायला विमानतळावरच्या कोणालाही वेळ देऊ नये. प्लानोसारख्या कंपन्यांच्या सरकत्या नळ्या चांगल्या आहेत, पण पूर्ण ताणल्यावर मधल्या जोडावर वाकतात. घराजवळच्या प्लंबिंगच्या दुकानातला पाइप जास्त विश्वासाचा, फक्त जड पडतो. कमी दाबाचा पातळ पाइप मागा, बोअरवेलचा नको.

काउंटरवर "फ्रॅजाइल" स्टिकर मागताना एक बघा: त्यासोबत तुमच्याकडून लिमिटेड रिलीजच्या टॅगवर सही घेतात का. ती सही म्हणजे मोडतोडीच्या दाव्यातून कंपनीने स्वतःला मोकळं करून घेण्याची सोय असते. कडक नळी असेल तर सहीला नम्रपणे नाही म्हणून बघा.

नळी आलीच नाही

आधी ती खरंच आली नाही का ते बघा. लांब नळ्या नेहमीच्या पट्ट्यावर येत नाहीत. त्या ओव्हरसाइज सामानाच्या वेगळ्या दाराशी येतात, आणि तिथे कोणी नाव पुकारत नाही. नेहमीच्या पट्ट्यापाशी ताटकळून, हरवल्याचा फॉर्म भरून हॉटेलवर गेलेल्यांच्या नळ्या त्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या असतात. निघतानाही काउंटरवर टॅग लागल्यानंतर नळी तुम्हालाच ओव्हरसाइजच्या खिडकीपर्यंत न्यावी लागते, त्यासाठी वेळ हातात ठेवा.

अमेरिकेत शिरताना पहिल्या विमानतळावर सहसा सगळं सामान उचलून, कस्टम्स ओलांडून पुन्हा जमा करावं लागतं, टॅग शेवटच्या गावाचा असला तरी. अलास्काला निघालेला माणूस सिअ‍ॅटलला सूटकेस उचलून पुढच्या विमानाकडे धावतो आणि नळी दुसऱ्या दाराशी राहते. तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नका.

खरंच आली नसेल तर विमानतळ सोडण्याआधी सामानाच्या तक्रारीचा पीआयआर फॉर्म भरून त्याचा नंबर घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या भरपाईबद्दलच्या मॉन्ट्रिअल करारात मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करायची मुदत आहे. भारत या करारात २००९ मध्ये सामील झाला. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर. ही मर्यादा माणसामागे आहे, बॅगेमागे नाही. दोन जपानी रॉड आणि एक मोठं रील यांतच ती ओलांडते. त्याहून महाग माल असेल तर चेक-इनच्या वेळी जादा किंमत जाहीर करून शुल्क भरता येतं. प्रवास विम्यात एका वस्तूची कमाल रक्कम किती, हे ओळीओळीने वाचा. तिथेच बहुतेक पॉलिसी हात आखडता घेतात.

मित्रांबरोबर जात असाल तर सामान आपापसांत वाटा. तुमचा एक रॉड त्याच्या नळीत, त्याचा तुमच्या नळीत. एक नळी राहिली तरी दोघंही पहिल्या दिवशी बोटीवर असतात. नळीत एअरटॅगसारखा ट्रॅकर टाका, त्याची नाण्याएवढी बॅटरी चेक-इनमध्ये चालते.

उतरलेल्या देशात अडलं

न्यूझीलंड सगळ्यांत कडक, आणि त्याला कारण आहे. २००४ मध्ये तिथल्या साउथलंडमधल्या वायाऊ नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते ओल्या साहित्यावरून एका नदीतून दुसरीत जातं. त्यामुळे वापरलेले वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), बूट, जाळी, रॉड सगळं उतरताना फॉर्मवर जाहीर करावं लागतं, आणि ते स्वच्छ व पूर्ण कोरडं हवं. फेल्टच्या (नमद्याच्या) तळव्याचे बूट तिथे मासेमारीला चालत नाहीत, रबरी तळवे न्या. जाहीर केलं नाही आणि सापडलं तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. जाहीर करून थोडा वेळ गेला तरी काही बिघडत नाही. बूट मळका असेल तर बऱ्याचदा ते स्वतःच धुऊन देतात. पिसांच्या फ्लायही दाखवा. ऑस्ट्रेलियाचाही रोख असाच. आइसलँडला वापरलेलं साहित्य निर्जंतुक केल्याचा दाखला लागतो, नाहीतर तिथे उतरल्यावर पैसे देऊन करून घ्यावं लागतं.

सुकी कोळंबी, माकुल, किडे, कुठलंही खरं आमिष न्यायच्या भानगडीत पडू नका. वासाचे द्राव हातात १०० मिलिलिटरच्या नियमात येतात, आणि बॅगेत फुटले तर सगळ्या ट्रिपभर कपडे कोळीवाड्यासारखे वास मारतात.

शिशाबद्दलही देशोदेशी नियम आहेत. ब्रिटनमध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅममधल्या शिशाच्या वजनांच्या आयातीवर आणि विक्रीवर १९८७ पासून बंदी आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमच्या आतली शिशाची वजनं आणि जिग जवळ बाळगणंच गुन्हा आहे. कॅल्गरीत राहून बॅन्फला जाणाऱ्यांनी डबा आधी उपसून घ्यावा. मालदीवमध्ये भाल्याने मासे मारायला बंदी असून स्पिअरगन आत नेता येत नाही.

परत मुंबईत

महाग रीलं आणि रॉड घेऊन जाताना निघायच्या दिवशीच विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. नाहीतर परतल्यावर ती वस्तू तुम्ही इथूनच नेली होती हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते. वस्तूवरचा सीरियल नंबर त्यात लिहिलेला असावा. रॉडवर तो बहुतेकदा नसतो, म्हणून बिल आणि फोटो सोबत ठेवा. हे चेक-इनच्या आधी करायचं असतं, कारण वस्तू प्रत्यक्ष बघितल्याशिवाय अधिकारी सही देत नाही.

आणि परदेशातल्या दुकानात गार्मिनचा इनरीच किंवा तसलंच उपग्रहावर संदेश पाठवणारं यंत्र स्वस्तात दिसलं, खोल समुद्रात जाताना बरं म्हणून घ्यावंसं वाटलं, तर भारतात आणू नका. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय असं यंत्र जवळ ठेवणं इथे बेकायदा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना यावरून पोलीस ठाण्यापर्यंत जावं लागलं आहे. अमेरिकेहून सुट्टीला मालवणात येणाऱ्या भावाच्या कयाकच्या पिशवीत ते कायमचं अडकवलेलं असेल, तर त्याला निघण्याआधीच फोन करा.